रडणे दिसले, कागद कापले गेले

मागच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक लघुपट दाखवला. पडदा म्हणून पांढरी चादर, प्रोजेक्टर एका कोचिंग क्लासकडून मागून आणलेला, स्पीकर जयंतीचा. लघुपट चौदा मिनिटांचा. करणारी मुले पाच, सगळी जनसंवाद शिकणारी. त्यातली तीन आपल्या वस्तीतली, एक ओबीसी घरातला, आणि एक शहरातल्या नोकरदार सवर्ण घरातली मुलगी. विषय असा की सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्या एका कामगाराची बायको आज घंटागाडीवर कंत्राटी कामाला जाते आणि तिची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. कॉलेजच्या स्पर्धेत या लघुपटाला पहिले बक्षीस मिळाले आहे. महिनाअखेर तो एका महोत्सवाला पाठवायचा आहे.

लघुपट संपला, टाळ्या वाजल्या. आम्हीही वाजवल्या. मग नेहमीप्रमाणे "दोन शब्द" बोलणारे उठले, मुलांचे कौतुक झाले, पेन आणि संविधानाच्या प्रती देऊन सत्कार झाला. हे सगळे आटोपल्यावर तिसऱ्या रांगेत बसलेल्या, जिच्यावर लघुपट केला आहे त्या मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पोट्टेहो, चांगलं केलं. पन माहं रडनं एवढं मोठं काऊन दाखवलं? मी काय रोज रडत असतो? अन् माहे कागद कुठं गेले? म्या तं सारे कागद दाखवले होते."

कुणाकडेच उत्तर नव्हते. सरणत्तय झाले आणि लोक घरी गेले.

मित्रांनो, हा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे. लघुपटाचे, मुलांचे, मावशींचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. मुले आपली आहेत, कष्टाळू आहेत, आणि आमचा वाद त्यांच्याशी नसून ती जे शिकून आली त्याच्याशी आहे. कॉलेजात त्यांना सांगितले गेले की कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन ही तंत्रे आहेत आणि तंत्राला जात नसते. आम्हाला हे साफ अमान्य आहे. विहिरीला तरी कुठे जात होती? पण पाणी कोण काढणार, कुठल्या पायरीवर कोण उभा राहणार, हे जातीनेच ठरवले ना! कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा आणि नंतर काय कापायचे, हे ठरवणाऱ्या डोक्यात जात असते. ते डोके आपल्या मुलाचे असले तरी असते, आणि हे जास्त दुखते.

मंगळवारी रात्री आम्ही मुलांसोबत बसून मूळ चित्रण पाहिले. साधारण दीड तासाचे आहे, सगळे मोबाइलवर घेतलेले. ते पाहिल्यावर मावशींचा प्रश्न किती अचूक होता हे कळले.

आधी किरकोळ गोष्टी सांगून टाकतो. लघुपट ड्रोनच्या दृश्याने सुरू होतो. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने ड्रोन फुकट उडवून दिला. वस्तीचे पत्रे, मधली नाली, विहाराचा कळस असे सगळे वरून दिसते. दिसायला छान आहे. पण वरून वस्ती कोण पाहतो? अतिक्रमण हटवायला येणारा पाहतो, मोजणीवाला पाहतो. वस्तीतला माणूस आपली वस्ती आयुष्यात कधी वरून पाहत नाही. मूळ चित्रणात ड्रोनचा आवाज आला की लेकरे ओरडत पळतात आणि ओट्यावरची एक म्हातारी विचारते, "मोजनी आली का वो?" हे वाक्य मुलांनी काढून टाकले आणि त्या जागी बासरी टाकली. आमच्या मते लघुपटाची सुरुवात त्याच वाक्याने व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट भांड्यांची. मावशींचे घर आम्हाला माहीत आहे. निळा रंग दिलेल्या भिंती, आणि समोरच मांडणीवर ओळीने लावलेली स्टीलची भांडी, चेहरा दिसेल इतकी लख्ख. आपल्या प्रत्येक घरात ही मांडणी असते, आणि तिच्यामागे काय आहे हे आपल्या आयांना विचारा. ज्यांना मडके गळ्यात बांधायला लावले गेले असे सांगतात, त्यांच्या नाती स्टीलचे डबे ओळीने लावतात! मुलांनी ती मांडणी चौकटीबाहेर ठेवली. का? तर "गरिबी दिसत नव्हती दादा." निळ्या भिंतीवर नंतर संगणकावर मळकट पिवळा रंग चढवला. म्हणजे घर होते त्यापेक्षा कळकट केले, आणि त्याला वास्तववाद म्हटले.

तिसरी गोष्ट त्याहून गंभीर. मावशींच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. तिचा तो हक्क आहे. मग गटातलीच ती सवर्ण मैत्रीण मुलीच्या भूमिकेत उभी राहिली, आणि तिचा रंग उजळ म्हणून तिला सावळे रंगवले. रंगवणारा आपलाच मुलगा. राजेश राजमणी यांचा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द सवर्णाज' हा २०२० सालचा लघुपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना इथे हसू येईल. त्यात शूटिंगसाठी 'दलित दिसणारा' नट शोधत फिरणारे सवर्ण मित्र आहेत, आणि त्यांच्या शोधाची खिल्ली उडवणे हाच त्याचा विषय आहे. मुलांनी तो पाहिलेला नव्हता. पाहायला सांगितला. पाहून त्या मुलीनेच आधी विचारले, "म्हणजे आपण तेच केलं का?" हो, तेच केलं. पण तिने विचारले हे आम्ही तिच्या खात्यावर जमा धरतो.

रंगाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. फोटोचे फिल्म रोल होते तेव्हा अमेरिकेत प्रयोगशाळांमध्ये रंग बरोबर आले की नाही हे तपासायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेले कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरी कातडी बरोबर दिसली की छपाई बरोबर झाली असे धरायचे, काळी माणसे अंधारात गेली तर जाऊ देत. तंत्राला जात-वर्ण नसतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आजचा मोबाइल इतका आंधळा नाही, पण मावशी दारात उभ्या आणि मागे ऊन, अशा दृश्यात त्यांचा चेहरा काळा ठिक्कर पडला आहे, कारण मोबाइलने प्रकाशाचे माप उन्हावरून घेतले. पडद्यावर मावशींच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले असते तर माप चेहऱ्यावरून घेतले गेले असते. इतके सोपे आहे. मुलांना ते माहीतही होते. पण काळी आकृती "सिनेमॅटिक" वाटली म्हणून राहू दिली.

आता मुख्य मुद्दा.

लघुपटाच्या आठव्या मिनिटाला मावशी नवऱ्याच्या मृत्यूबद्दल सांगतात. टाकी कुणाची होती, सकाळी किती वाजता बोलावणे आले, आधी एक उतरला, तो वर आला नाही म्हणून दुसरा उतरला. इथवर कॅमेरा समोर आहे. मग त्यांचा आवाज चिरकतो आणि कॅमेरा हळूहळू त्यांच्या चेहऱ्याकडे सरकतो. डोळे, मग एकच डोळा, मग गालावरचे पाणी. हे दृश्य चाळीस सेकंद चालते. खाली सारंगी. मावशी बोलत असतात पण सारंगी वाढते आणि शब्द विरून जातात. परीक्षकांनी याच दृश्याचे कौतुक केले म्हणे.

त्या चाळीस सेकंदांत मावशी काय बोलत होत्या, हे आम्ही मूळ चित्रणात ऐकले. त्या सांगत होत्या की ठेकेदार म्हणाला, तुमचा माणूस आमच्या हजेरीपटावर नव्हता. बोलता बोलता त्या उठतात, कपाटावरून प्लास्टिकची पिशवी काढतात, खाली बसतात आणि एकेक कागद फरशीवर पसरतात. शवविच्छेदनाचा अहवाल, पोलीस ठाण्यात दिलेला जबाब, अर्जांच्या प्रती. प्रत्येक अर्जावर आवक शिक्का आहे. एका अर्जाची घडी उसवली आहे, ती त्या तळहाताने सारखी करतात. एक कागद उलटा पडतो, तो सरळ करतात. सगळे मिळून सहा मिनिटे. या सहा मिनिटांत त्या एकदाही रडत नाहीत. त्यांचा आवाज अर्ज वाचून दाखवणाऱ्या माणसाचा आहे. पक्का आणि थोडा चिडलेला.

या सहा मिनिटांतले एक सेकंदही लघुपटात नाही.

मित्रांनो, ते कागद कशाचे आहेत? हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे त्या कायद्याने गुन्हा आहे. २०१४ साली सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९९३ पासून अशा प्रकारे मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. मावशींचे अर्ज याच भरपाईसाठी आहेत. सहा वर्षे झाली, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. पडद्यावर दिसतो एक ओला डोळा. ठेकेदार दिसत नाही, टाकीचा मालक दिसत नाही, कायदा दिसत नाही, शिक्के दिसत नाहीत. जवळून घेतलेल्या दृश्याचे कामच असते की आजूबाजूचे सगळे बाहेर टाकायचे. म्हणून तर विचारायचे असते की बाहेर कोण जाते आहे! इथे गुन्हेगार बाहेर गेला आणि दुःख तेवढे आत राहिले. पाहणाऱ्याला वाटते, किती वाईट झाले. कुणी केले, असे त्याला वाटत नाही. वाईट 'होते', जसा पाऊस होतो.

आम्ही हे बोललो तेव्हा संकलन करणारा मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला भाषण पाहिजे. सिनेमा म्हणजे भाषण नाही. कागद दाखवले की गोष्ट थांबते. लोक माणसाला पाहायला येतात, अर्जाला नाही."

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या चळवळीने जे चित्रण करून ठेवले आहे ते एकदा आठवा. स्टेज, मागे फ्लेक्स, पोडियम, दीड तास एकच वक्ता, माइक घोंघावतो आहे. असे शेकडो व्हिडिओ यूट्यूबवर पडून आहेत आणि ते करणाऱ्याच्या घरचेही पाहत नाहीत. आमचेही दोन आहेत. या मुलांनी निदान भाषण टाळले, सूत्रधाराचा आवाज टाकला नाही, कुणाला उपदेश केला नाही. चळवळीच्या माणसाने सिनेमावर बोलायचे तर आधी हे कबूल करायला हवे की पाहणाऱ्याला खिळवून ठेवणे आपल्याला जमलेले नाही, आणि या पोरांना थोडे तरी जमते.

पण कागदांनी गोष्ट थांबते हे आम्हाला पटत नाही, आणि यासाठी पुरावा सिनेमाच्याच घरातला देतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१४ चा. आपल्या नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार त्यात लोकशाहिराच्या भूमिकेत आहेत. ते २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्या चित्रपटातही गटारात मेलेल्या कामगाराची बायको आहे. ती साक्ष द्यायला येते. वकील विचारतो, ती उत्तर देते. सुरक्षेची साधने होती का? नव्हती. नवरा आत उतरण्याआधी काय करायचा? खडा टाकून पाहायचा, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. हे ती भाजीचा भाव सांगावा तसे सांगते. ती रडत नाही. कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसत नाही, तो तिथेच राहतो. संगीत नाही. आणि आम्ही तो चित्रपट ज्या ज्या वस्तीत दाखवला, त्या प्रत्येक ठिकाणी झुरळांच्या वाक्याला अख्खी बैठक हलली. पुढे बचावाचा वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो, तर ती पैसे घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते. दिग्दर्शकाने तिच्याकडून अश्रू मागितले नाहीत म्हणून ती साक्षीदार राहिली. आपल्या मुलांनी मावशींकडून अश्रू घेतले आणि साक्ष ठेवून दिली.

इथे कुणी म्हणेल, ताम्हाणे काही आपले नाहीत. बरोबर. आणि हे संकलन करणारा मुलगा आपला आहे. म्हणजे 'आपल्या माणसाने केले' एवढ्याने नजर आपली होत नाही. आम्ही हे आनंदाने लिहीत नाही. आपल्या मुलांच्या हातात कॅमेरा यायला किती पिढ्या गेल्या हे आम्हाला ठाऊक आहे. पी. के. रोझी या दलित बाईने मल्याळमच्या पहिल्या चित्रपटात नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला गाव सोडून पळावे लागले, तो देश हाच आहे. तरीही सांगावे लागेल की कॅमेरा हातात आला तरी डोळा उसना असू शकतो. अमेरिकेतले काळे समाजशास्त्रज्ञ डु बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले होते. दडपलेला माणूस स्वतःकडे सतत दडपणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत राहतो, आपल्या आत्म्याचे माप दुसऱ्याच्या फूटपट्टीने काढतो. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहून संपर्क साधला होता. आपल्या मुलांनी गरिबी कशी दिसते हे मालिकांमधून, बातम्यांमधून, संस्थांच्या देणगी मागणाऱ्या व्हिडिओंमधून शिकून घेतले, आणि मग स्वतःच्याच घरातली भांडी चौकटीबाहेर सरकवली.

आमचे हात स्वच्छ आहेत असेही नाही. एम.ए. च्या प्रबंधासाठी आम्ही अशाच बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एकीने रडत रडत दोन तास सांगितले. आम्ही ते 'उत्तरदाती क्र. ९' म्हणून लिहिले, चांगले गुण मिळाले, आणि तिच्या पेन्शनच्या अर्जाचे काय झाले हे विचारायला आम्ही परत गेलो नाही. पुढे समाजकार्यात आल्यावर ती एकदा कचेरीत भेटली. तिने ओळखले, आम्ही ओळखले नाही.

संमतीचा प्रश्न याच जागी येतो. मुलांनी मावशींची सही घेतली आहे, मराठीत फॉर्म आहे, सगळे नियमाने. पण मावशींनी संमती कशाला दिली होती? त्यांना वाटले कागद लोकांसमोर जातील, कुणीतरी साहेब पाहील. चित्रण सुरू असताना त्या एका ठिकाणी विचारतात, "हे वाचता येईन ना रे त्याच्यात?" आणि कॅमेऱ्यामागून मुलगा म्हणतो, "हो मावशी, येईल." सही त्या वाक्यावर झाली आहे. फॉर्मवर नाही.

आता या लघुपटातले सर्वांत चांगले दृश्य सांगतो, कारण टीका करून उठून जाणे आम्हाला मान्य नाही. पाचव्या मिनिटाला घंटागाडी एका कॉलनीत थांबते. मावशी एका बंगल्याच्या फाटकाशी पाणी मागतात. त्या दिवशी ट्रायपॉडचा पाय तुटला होता, म्हणून मुलांनी मोबाइल मावशींच्या डब्याच्या पिशवीला टेकवून जमिनीवर ठेवला. आपल्याला दिसते ते एवढेच. फाटकाचा खालचा भाग, आतल्या बाईची पावले, वरून तिरपी झालेली बाटली, आणि मावशींची ओंजळ. पाणी ओंजळीत पडते, थोडे बाहेर सांडते. बाटली ओंजळीपासून वीतभर वर आहे, ती खाली येत नाही. मग पावले जातात, फाटक लागते, आणि आतून गाडी धुण्याच्या पाइपचा आवाज सुरू होतो. पन्नास सेकंद. संगीत नाही, शब्द नाही, चेहरा नाही. विहारात इतका वेळ लेकरांचा गोंगाट होता तो इथे बंद झाला. महाडचे नाव कुणी घेतले नाही, घ्यावे लागले नाही.

मुले म्हणतात, हे चुकून झाले. होऊ द्या चुकून! पण आता बघा की चुकून काय काय झाले. कॅमेरा मावशींच्या बसण्याच्या उंचीवर आला. हलायला जागा नसल्याने तो थांबून राहिला. आतल्या बाईचा चेहरा कापला गेला, त्यामुळे ती एक वाईट बाई न राहता एक पद्धत झाली. लेपल माइक मावशींच्या पदराला होता म्हणून ओंजळीचा आणि पाइपचा, दोन्ही आवाज आले. पाइपमधून गाडीसाठी पाणी वाहते आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. हेच मुद्दाम करता यायला हवे. चाळीस सेकंदांच्या अश्रूंना सारंगी लागली, या पन्नास सेकंदांना काही लागले नाही, हा फरक मुलांनी स्वतः दोन्ही दृश्ये लागोपाठ लावून पाहावा. आम्ही त्यांना तसे करायला लावले. संकलक काही बोलला नाही, पण सारंगी बंद करून त्याने ते दृश्य पुन्हा एकदा लावले.

शेवटाबद्दल थोडे. लघुपटाच्या शेवटी मुलगी पुस्तक मिटते, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहते, कॅमेरा फोटोकडे सरकतो, भीमगीत सुरू होते, संपले. विहारात इथेच टाळ्या पडल्या. आम्हाला मात्र हा शेवट पळवाट वाटला. सहा वर्षे अडकलेला भरपाईचा प्रश्न फोटोवर नेऊन सोडवला, जसा हिंदी सिनेमात देवीच्या मूर्तीवर नेऊन सोडवतात. आपण देव नाकारणारे लोक, आणि सिनेमात बाबासाहेबांना तीच जागा देतो! नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत. पण तिथे कॅमेरा त्यांच्याकडे सरकत नाही, कुणी मान वर करून पाहत नाही. मारलेले डुक्कर बांधून जब्याचे कुटुंब त्या भिंतीसमोरून चालत जाते, एवढेच. चित्रे मागे आहेत, डुक्कर पुढे आहे. त्या अंतरात जो प्रश्न आहे तो आपल्याला, म्हणजे त्या चित्रांखाली कार्यक्रम करणाऱ्यांना विचारलेला आहे. मंजुळे यांनीही सुरुवात विद्यार्थी असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाने केली होती, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'फँड्री'चा नायक त्यांनी कुठे शोधला? हलगी वाजवणाऱ्या एका गावच्या मुलात. त्याला रंग लावावा लागला नाही.

एक तक्रार राहिली. मावशी वऱ्हाडी बोलतात आणि खाली मराठीत अक्षरे येतात. वऱ्हाडी माणसाच्या मराठीला मराठीतच भाषांतर? इंग्रजी अक्षरे द्या, महोत्सवाला लागतात. पण "काऊन"च्या खाली "का" लिहिण्याचे कारण काय? हे काढून टाकायला मुले लगेच तयार झाली.

बाकीचे इतके सोपे नाही. शुक्रवारी पुन्हा बैठक झाली, या वेळी मावशींच्या घरी. पाचपैकी तिघांना कागदांचे दृश्य घ्यायचे आहे. एकाला दोन आवृत्त्या करायच्या आहेत, एक महोत्सवासाठी आणि एक वस्तीसाठी. हे आम्हाला बिलकूल मान्य नाही, कारण मग साहेब लोकांनी अश्रू पाहायचे आणि कागद आपणच आपल्याला दाखवायचे असे होईल. संकलक म्हणतो, सहा मिनिटे ठेवता येणार नाहीत, दीड मिनिट ठेवतो, पण रडण्याचे दृश्य पूर्ण काढणार नाही, तेही खरेच घडले आहे. यावर मावशींचे म्हणणे असे पडले की रडणे ठेवा, पण बाजा काढा आणि मी काय बोलली ते ऐकू येऊ द्या. आम्ही रडणे पूर्ण काढायच्या बाजूने होतो. त्यांनी आमचेही ऐकले नाही, आणि चेहरा त्यांचा असल्यामुळे आम्ही गप्प बसलो.

कागदांची अडचण तंत्राची निघाली. मूळ चित्रणात ते प्लास्टिकच्या कव्हरमध्ये आहेत, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि शिक्का वाचता येत नाही. त्यामुळे ते पुन्हा घ्यावे लागणार. कव्हरमधून बाहेर काढून, खिडकीला पाठ न करता, उजेड बाजूने येईल असे बसून, मोबाइल हातात न धरता खाली टेकवून. आवक क्रमांक आणि तारीख वाचून होईपर्यंत प्रत्येक कागदावर थांबायचे. ठेकेदाराची चिठ्ठी तेवढी अंधुक झाली आहे, तिची आधी झेरॉक्स काढून ठेवायची असे ठरले आहे. मावशींना रविवारी सुटी नसते, म्हणून चित्रण सोमवारी दुपारी चारनंतर आहे. मुलीने या वेळीही समोर यायला नकार दिला आहे, पण कागद तारखेप्रमाणे लावून देते म्हणाली.